‘सुटला’ म्हणजे नक्की काय? नामवंत खेळाडूवर खुनाचा आरोप येतो तेव्हा

मार्च २०२५ मधली संध्याकाळ. माझा तेरा वर्षांचा भाचा अखाड्यातून आला तो दारातूनच ओरडत, "मावशी, सुशीलकुमार सुटला! आमच्याकडे पेढे वाटले!" सुशीलकुमार म्हणजे दोन ऑलिम्पिक पदकं मिळवलेला पैलवान, खुनाच्या आरोपावरून तुरुंगात होता. एका मुलाच्या वडिलांनी खरंच पेढे आणले होते आणि पोरांनी लाल माती लागलेल्या हातांनीच ते खाल्ले होते. पाच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, तोच मुलगा गप्प गप्प घरी आला. चपला काढता काढता म्हणाला, "त्याला परत आत टाकलं. म्हणजे आता त्यानेच केलं, हे ठरलं ना?"

बडोद्यात गेली अठरा वर्षं मी फौजदारी वकिली करते. दांडिया बाजारात आमचं घर, आणि घरात वकील आहे म्हटल्यावर असे प्रश्न माझ्याकडेच येतात. भाच्याला समोर बसवलं आणि सांगितलं, की दोन्ही वेळा विषय फक्त जामिनाचा होता. मार्चमध्ये तो मिळाला, ऑगस्टमध्ये रद्द झाला. खून त्याने केला की नाही, यावर त्या पाच महिन्यांत कुठल्याही न्यायालयाने काहीच ठरवलं नव्हतं. आनंदाचे पेढे आणि नंतरची ती खाली गेलेली मान, दोन्ही एकाच गैरसमजातून आलं होतं. हा गैरसमज मला सुशिक्षित, पेपर नीट वाचणाऱ्या माणसांतही दिसतो, म्हणून हे सगळं लिहून काढते आहे.

आधी प्रकरण थोडक्यात. ४ मे २०२१ च्या रात्री दिल्लीत छत्रसाल स्टेडियमच्या आवारात काही पैलवानांना मारहाण झाली. त्यात सागर धनखड हा तेवीस वर्षांचा पैलवान मरण पावला. तो कनिष्ठ गटातला माजी राष्ट्रीय विजेता होता. मालमत्तेच्या वादातून हे घडलं आणि त्यात सुशीलकुमार मुख्य आरोपी आहे, असं पोलिसांचं म्हणणं. अठरा दिवस तो सापडला नाही, त्याच्या माहितीसाठी एक लाखाचं बक्षीस जाहीर झालं, अटकपूर्व जामीन फेटाळला गेला आणि २३ मे रोजी त्याला अटक झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये आरोपपत्र दाखल झालं. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाने त्याच्यासह अठरा जणांवर खुनासह इतर आरोप निश्चित केले. आपण निर्दोष आहोत, आपल्याला यात गोवलंय, असं त्याचं पहिल्यापासून म्हणणं आहे. ४ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन दिला, १३ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करून आठवड्याभरात शरण यायला सांगितलं. तोवर सत्र न्यायालयात साक्षीपुरावे चालूच होते.

हे भाच्याला सांगत होते, तेव्हा मध्येच त्याने विचारलं, "सागर कोण?"

चार वर्षं हा मुलगा या प्रकरणाची प्रत्येक बातमी अखाड्यात ऐकत होता. सुशीलकुमारची वजनं, डाव, पदकं त्याला तोंडपाठ. मेलेल्या पैलवानाचं नाव मात्र त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. दोष त्याचा नाही. आम्ही मोठ्यांनीही त्या मे महिन्यात "सुशीलकुमारचं प्रकरण" हेच शब्द वापरले होते.

लोक एवढे का हलले, हे मला अगदी आतून कळतं. कुस्तीतलं ऑलिम्पिक पदक म्हटलं की मराठी माणसाला खाशाबा जाधव आठवतात: हेलसिंकी, १९५२, कांस्य. त्यानंतर छप्पन्न वर्षं कुस्तीत काहीच नव्हतं. २००८ मध्ये बीजिंगला सुशीलकुमारने कांस्य मिळवून तो दुष्काळ संपवला. २०१० मध्ये तो जगज्जेता झाला, २०१२ मध्ये लंडनला रौप्य मिळालं. स्वतंत्र भारतात वैयक्तिक दोन ऑलिम्पिक पदकं मिळवणारा तो पहिला. देशभरच्या अखाड्यांत पोरं वाढली ती त्याच्याकडे बघून, आणि बडोदं तर पैलवानकीवर जीव टाकणारं गाव. जुम्मादादांचं व्यायाममंदिर आणि प्रोफेसर माणिकराव यांची नावं इथे आजही आदराने घेतली जातात. कमाटीबागेतल्या संग्रहालयात एक अवाढव्य दगड ठेवला आहे. १९०२ साली गामा पैलवानाने तो उचलल्याची नोंद त्यावर कोरलेली आहे. लहानपणी वडील मला त्या दगडापाशी न्यायचे. दोन्ही हात पसरून मी त्याला मिठी घालायचे आणि तो थोडासुद्धा हलायचा नाही. असा दगड उचलणारा माणूस वाईट असेल, हे त्या वयात मनातही आलं नसतं.

तिथेच गोम आहे. ताकद आणि चांगुलपणा आपण नकळत एकाच गाठोड्यात बांधतो. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये हे दाखवून दिलं. सैन्यातले अधिकारी हाताखालच्या माणसांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांना वेगवेगळे गुण देत होते, निदान तशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ज्याला एका बाबतीत चांगले गुण, त्याला बाकी सगळ्यांतही चांगले. देहयष्टी पाहून चारित्र्य ठरत होतं. मोठ्या खेळाडूचं तर विचारूच नका. त्याची मेहनत आपण पाहिलेली असते, पहाटे चारचा व्यायाम, खुराक, दुखापती, आईच्या डोळ्यांतलं पाणी. एवढी शिस्त असलेला माणूस असं करेल का, हा प्रश्न मग आपसूक येतो. पण शिस्त अंगी असणं आणि एका रात्री एका ठिकाणी काय घडलं, या दोन बाबींचा एकमेकींशी पुरावा म्हणून काहीही संबंध नाही. पदक आरोपीच्या बाजूने जात नाही, आणि त्याच्या विरुद्धही जात नाही.

दुसरी गोष्ट ‘आपण’ या शब्दाची. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतल्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. फुटबॉलचा संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणाऱ्यांची संख्या वाढायची. सामन्याबद्दल विचारलं, की जिंकल्यावर "आम्ही जिंकलो" आणि हरल्यावर "ते हरले". आपल्याकडेही क्रिकेटचा सामना संपल्यावर कट्ट्यावर नुसतं उभं राहिलं तरी हे ऐकू येतं. लंडनला "आपल्याला" रौप्य मिळालं होतं. मग मे २०२१ मध्ये ज्याच्यावर आरोप आला, तोही काही अंशी आपणच झालो. त्यातून सुटायला माणसाला दोनच वाटा दिसतात. एक तर "त्याला अडकवलंय, मोठ्या माणसाचे शत्रू फार". नाहीतर "हा आपला कधी नव्हताच, फाशी द्या". दोन्हीत मनाची लगेच सुटका होते. मी पाहिलं, की पहिल्या आठवड्यात पहिली वाट धरणारेच लोक तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या वाटेवर होते, आणि मधल्या काळात सिद्ध असं काहीच झालं नव्हतं.

मधल्या काळात झालं होतं ते एवढंच, की काही शब्द आपल्या कानावर आदळले होते. ते शब्द कायद्यात काय सांगतात, ते बघू.

‘फरार’. तो पळाला म्हणजे केलंच असणार, हे त्या दिवसांत जो तो म्हणत होता. आपली न्यायालयं मात्र वर्षानुवर्षं सांगत आली आहेत, की नुसतं पळून जाणं हा गुन्ह्याचा पुरावा होत नाही. निर्दोष माणूसही अटकेच्या, मारहाणीच्या, बदनामीच्या भीतीने पळतो. इतर पुरावा भक्कम असेल तर पळण्याचा तपशील त्याला जोड म्हणून चालतो, एकटा उभा राहू शकत नाही.

‘पोलिसांसमोर कबुली’. ही बातमी नेहमी मोठ्या अक्षरांत येते आणि मला ती वाचून दरवेळी वाईट वाटतं, कारण वाचणाऱ्याच्या दृष्टीने खटला तिथेच संपतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांच्या काळातल्या १८७२ च्या पुरावा कायद्यातही ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ती कायम आहे. पोलीस कोठडीत माणसाकडून काय काय वदवून घेतलं जाऊ शकतं, याची कल्पना तेव्हाच्या राज्यकर्त्यांनाही होती. कबुलीतून एखादी वस्तू सापडली, म्हणजे हत्यार किंवा कपडे, तर त्या शोधापुरता भाग तेवढा ग्राह्य धरतात.

‘व्हिडिओ’. मे २०२१ च्या अखेरीस त्या रात्रीची म्हणून एक चित्रफीत सगळ्यांच्या फोनवर फिरली. डोळ्यांनी पाहिलं, आता आणखी काय हवं, असं वाटणं साहजिक आहे. न्यायालयात मात्र ती कुठल्या फोनवर घेतली, त्यात काटछाट झाली का, दिसणारी माणसं कोण, मारहाणीचा नेमका कुठला भाग दिसतो आणि कुठला नाही, हे सगळं शाबीत करावं लागतं. शिवाय कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. या प्रमाणपत्राबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून आला आहे, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, जुलै २०२०. निवडणूक कचेरीतल्या चित्रीकरणावरून सुरू झालेला तो वाद आज देशभरच्या खुनाच्या खटल्यांत वाचून दाखवला जातो.

‘आरोपपत्र’ म्हणजे पोलिसांनी तपासातून मांडलेली हकिगत. आरोपी कोठडीत असेल तर खुनाच्या प्रकरणात ते नव्वद दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ‘आरोप निश्चित झाले’ याचा अर्थ न्यायाधीशांना प्रथमदर्शनी खटला चालवण्याइतपत सामग्री दिसली, बस. खरा सामना तिथून सुरू होतो. तोवर पैलवान नुसते हौद्यात उतरलेले असतात.

आता ‘जामीन’. जामिनाच्या वेळी न्यायाधीश विचारतात ते प्रश्न वेगळेच असतात. हा पळेल का? साक्षीदारांना फोडेल का? पुरावा नष्ट करेल का? गुन्हा किती गंभीर आहे, आणि खटला संपायला किती वर्षं लागतील? मार्चमध्ये उच्च न्यायालयापुढे शेवटचा प्रश्न ठळक होता. आरोपी साडेतीन वर्षांहून अधिक काळ आत, आणि दोनशेहून अधिक साक्षीदारांपैकी जेमतेम तीसेकांची साक्ष झालेली. माणसाला निकालाआधीच किती वर्षं डांबून ठेवायचं? हा प्रश्न खरा आहे, आणि तो ज्यांच्या नावाची बातमी होत नाही अशा हजारो कच्च्या कैद्यांचाही आहे. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याचं गांभीर्य आणि साक्षीदारांचा प्रश्न जास्त वजनाचा मानला. त्याकडे पुन्हा येतेच.

आणि ‘निर्दोष मुक्तता’. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. शंका उरली तर तिचा फायदा आरोपीला. म्हणून ‘निर्दोष सुटला’ याचा अर्थ पुष्कळदा ‘सिद्ध झालं नाही’ एवढाच असतो. कायद्याच्या नजरेत तो निर्दोषच, आणि ते मान्य केलंच पाहिजे. पण त्या रात्री काय घडलं, याचं उत्तर त्यातून मिळेलच असं नाही.

याचं जगातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण म्हणजे ओ. जे. सिम्पसन. अमेरिकी फुटबॉलमधला मोठा खेळाडू, नंतर नट. १२ जून १९९४ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये त्याची घटस्फोटित पत्नी निकोल ब्राउन आणि तिचा परिचित रॉन गोल्डमन यांचा खून झाला. पाच दिवसांनी सिम्पसन बसलेल्या पांढऱ्या गाडीमागे पोलीस संथपणे जात होते आणि कोट्यवधी लोक ते टीव्हीवर बघत होते. पुलांवर उभी राहून माणसं त्याला हात हलवत होती. ३ ऑक्टोबर १९९५ रोजी ज्यूरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, त्याला निर्दोष ठरवलं. त्या क्षणी कृष्णवर्णीय वस्त्यांत जल्लोष झाला आणि गोऱ्या घरांत सुन्न शांतता पसरली. बाहेरच्याला वाटेल, खुनीच होता तर हे आनंदाने नाचतात काय? पण त्याच शहरात १९९१ मध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला केलेली बेदम मारहाण चित्रित झाली होती आणि पुढच्या वर्षी ते पोलीस सुटले होते. जल्लोष करणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात सिम्पसनपेक्षा तो हिशेब मोठा होता. १९९७ मध्ये मृतांच्या कुटुंबीयांच्या दिवाणी दाव्यात तोच सिम्पसन जबाबदार ठरला आणि ३ कोटी ३५ लाख डॉलरची भरपाई द्यायचा हुकूम झाला. दोन निकाल परस्परविरोधी वाटतात, पण दिवाणी दाव्यात पुराव्याचं पारडं थोडं जास्त झुकलं तरी पुरतं.

ऑस्कर पिस्टोरियसच्या बाबतीत तर एकाच कृत्याला वेगवेगळ्या न्यायालयांनी वेगवेगळं नाव दिलं. दोन्ही पाय नसलेला, पात्यांवर धावणारा दक्षिण आफ्रिकेचा धावपटू, लंडन ऑलिम्पिकमध्ये धडधाकट खेळाडूंबरोबर धावलेला. १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे त्याने न्हाणीघराच्या बंद दारातून गोळ्या झाडल्या आणि त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकॅम्प मेली. आत चोर आहे असं वाटलं, हा त्याचा बचाव. ज्या देशात घरफोडीची भीती रात्री उशाशी असते, तिथल्या पुष्कळांना तो पटला. स्त्रियांच्या संघटनांना मात्र त्यात घरातल्या हिंसेची ओळखीची गोष्ट दिसली आणि त्यांच्या कार्यकर्त्या गणवेशात न्यायालयात येऊन बसू लागल्या. २०१४ मध्ये सदोष मनुष्यवध ठरला, २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो खून ठरवला, २०१७ मध्ये शिक्षा वाढून १३ वर्षं ५ महिने झाली. जानेवारी २०२४ मध्ये तो पॅरोलवर बाहेर आला. पहिल्या निकालावर ठाम मत बांधून बसलेल्यांना पुढची तीन वर्षं ते मत बदलत राहावं लागलं.

आपल्याकडे नवज्योतसिंग सिद्धूचं प्रकरण आहे. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळात गाडीवरून झालेल्या भांडणात गुरनामसिंग नावाचे ६५ वर्षांचे गृहस्थ मरण पावले. १९९९ मध्ये सत्र न्यायालयात सुटका, २००६ मध्ये उच्च न्यायालयात सदोष मनुष्यवधाबद्दल तीन वर्षं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फक्त मारहाणीबद्दल हजार रुपये दंड आणि २०२२ मध्ये फेरविचारात एक वर्षाची सक्तमजुरी. त्या चौतीस वर्षांत तो भारताकडून खेळला, समालोचक झाला, खासदार झाला. २००६ च्या निकालानंतर त्याने राजीनामा दिला आणि दोनच महिन्यांनी मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिलं. १९९६ च्या विश्वचषकात पाकिस्तानविरुद्धच्या त्याच्या ९३ धावा माझ्या वडिलांना चेंडूवार आठवतात. खटला चालू होता, हे त्यांना माझ्याकडून कळलं.

२०२२ च्या त्या निकालात एक मुद्दा आहे, जो मी भाच्याला दोनदा समजावला. न्यायालयाने म्हटलं, की मुष्टियोद्धा, पैलवान, क्रिकेटपटू किंवा अत्यंत तंदुरुस्त माणूस हात उगारतो, तेव्हा हात हेच शस्त्र होऊ शकतं. म्हणजे ज्या ताकदीवर आपण जीव टाकतो, तिच्यामुळे खेळाडूची जबाबदारी वाढते. भाचा स्वतःच्या तळहाताकडे बघत बसला होता.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. भारतात ज्यूरी नाही. मग लोक काहीही बोलोत, न्यायाधीशांवर त्याचा काय परिणाम, असं मला अनेक जण विचारतात. अनुभवावरून सांगते, न्यायाधीश पुष्कळसं बाजूला ठेवू शकतात, त्यांना त्याचीच सवय असते. पण लोकांचं मत साक्षीदारापर्यंत पोचतं, आणि साक्षीदार तुमच्याआमच्यासारखा असतो. त्याला संध्याकाळी त्याच गावात, त्याच गल्लीत, त्याच अखाड्यात परत जायचं असतं. पोलिसांपर्यंतही ते पोचतं. जून २०२१ मध्ये सुशीलकुमारला एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात नेताना पोलिसांनीच त्याच्याबरोबर हसत हसत फोटो काढले. लोक चिडले. पुढे तुरुंगात इतर कैद्यांबरोबर टोकियो ऑलिम्पिक बघायला टीव्ही मिळाला, त्यावरही लोक तितकेच चिडले. टीव्हीचं मला काही वाटत नाही, खेळ बघितल्याने खटल्याला बाधा येत नाही. पण ते फोटो ज्या साक्षीदाराने पाहिले असतील, त्याला त्यांतून काय कळलं असेल, याची मला खरी काळजी वाटली.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं. आरोपी नामवंत पैलवान आहे, समाजात त्याचा प्रभाव आहे, तेव्हा साक्षीदारांवर त्याचा दबाव पडणार नाही असं म्हणता येत नाही, असा त्याचा आशय होता. साक्षीदार फितूर झाल्याचा मुद्दा त्या सुनावणीत होताच. दोष ठरवणारं हे वाक्य नाही, हे पुन्हा सांगते. पण मोठं नाव हे स्वतःच एक वजन असतं आणि ते साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत पोचतं, हे त्यातून कळतं. तो जामीन रद्द व्हावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले होते सागरचे वडील.

हे वजन मी स्वतः पाहिलंय. तेव्हा मी कनिष्ठ वकील होते आणि आमची न्यायालयं अजून दिवाळीपुऱ्याला गेली नव्हती, जुन्या न्यायमंदिरातच होती. उंच दालन, मधोमध महाराणी चिमणाबाईंचा पुतळा आणि बाहेर वकिलांची, टाइपरायटरवाल्यांची दाटी. खुनाचा खटला होता. आरोपी जिल्ह्यात नाव असलेला कबड्डीपटू, आणि मी बचावाच्या बाजूला, माझ्या वरिष्ठांच्या हाताखाली. दर तारखेला दोन जीप भरून त्याच्या गावची माणसं यायची. स्वच्छ पांढरे शर्ट, नम्र बोलणं. कोणाला शिवी नाही, धमकी नाही. साक्षीदार जिन्यावरून वर येऊ लागला की ती माणसं दोन्ही बाजूंनी उभी राहायची, हात जोडायची आणि म्हणायची, "केम छो काका?" त्या काकांची गावात पानाची टपरी होती. हीच मंडळी त्यांची गिऱ्हाइकं. पोलिसांना त्यांनी जे पाहिलं म्हणून सांगितलं होतं, ते पिंजऱ्यात उभं राहिल्यावर अंधारात गेलं. "काही दिसलं नाही, साहेब." सरकारी वकिलांनी त्यांना फितूर घोषित केलं. माझ्या वरिष्ठांना एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

आरोपीला वकील हवाच आणि त्याची बाजू पूर्ण ताकदीने मांडली गेलीच पाहिजे, हे मी तेव्हाही मानत होते, आजही मानते. पण जिन्यावर जे झालं ते वकिली नव्हती. आज साक्षीदारासाठी थोडी तरी सोय आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली आणि धोका असलेल्या साक्षीदाराला जिल्ह्यातच अर्ज करता येतो. सुरुवातीलाच दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब नोंदवून घेता येतो, दुसऱ्या जागेवरून व्हिडिओद्वारे साक्ष देता येते. पण जीपमध्ये बसणाऱ्या भल्या माणसांना कोणता कायदा थांबवणार? आपल्या पोरावर विश्वास दाखवतोय, एवढंच त्यांच्या मनात होतं. तुम्हाला एखाद्या आरोपी खेळाडूवर विश्वास असेल तर खुशाल असू द्या. फक्त तो साक्षीदाराच्या वाटेत उभा करू नका.

मृत मुलाचे वडील दर तारखेला एकटेच यायचे. पहिल्या एस.टी.ने. बाकावर बसून स्टीलचा डबा मांडीवर धरून ठेवायचे, आणि दुपारी कोणी बघत नाही असं पाहून दोन घास खायचे. संशयाचा फायदा मिळून आरोपी सुटला त्या दिवशी खाली गुलाल उडाला. कागद आवरून मी बाहेर आले, तर ते तिथेच बसलेले. मला म्हणाले, "बेन, हवे तारीख क्यारे?" पुढची तारीख कधी, असं ते विचारत होते. खटला संपला, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मी समोरच्या बाजूची. ते मी त्यांना आधी सांगितलं, म्हटलं, नीट सल्ला सरकारी वकिलांकडून घ्या. पण एवढं मी सांगू शकत होते आणि सांगितलं, की आता तारीख नाही, निकाल लागलाय, आणि २००९ च्या दुरुस्तीनंतर मरण पावलेल्याच्या घरच्यांनाही सुटकेविरुद्ध स्वतः अपील करता येतं. त्यासाठी सरकारची वाट बघावी लागत नाही. त्यांनी खिशातून सकाळचं एस.टी.चं तिकीट काढलं, उलटं करून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, यावर लिहून द्या, मला विसरायला होतं. मी ‘अपील, उच्च न्यायालय, अमदावाद’ असं गुजरातीत लिहून दिलं. त्यांनी तिकिटाची घडी घातली आणि डब्यात, उरलेल्या अर्ध्या रोटल्याशेजारी, ठेवली.